हमूदच्या पिंपाचं पाणी

दार्सैत, मस्कत
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

हुसैनमामूंना इक्बालचा सलाम.

इकडे सर्व ठीक, तिकडेही सर्व ठीक असावं अशी दुवा. पत्राची सुरुवात अशी करायची हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून करून टाकली. ठीक किती आहे ते पुढे कळेलच.

आजच्या काळात पत्र बघून तुम्ही चक्रावाल. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि व्हिडिओ कॉल लावला की तुम्ही माझ्याऐवजी कोपऱ्यातल्या चौकोनात स्वतःची दाढी बघत बसता. शिवाय मला जे लिहायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. रॉक पुढच्या शनिवारी सुट्टीवर निघालाय. वसईचा आहे, आमच्याच कंपनीत ऑफिसात असतो. तो मुंबईतून पत्र स्पीड पोस्टाने टाकेल. आज जुम्म्याची नमाज पढून त्याच्याकडेच आलो. मटिल्डावहिनींनी जेवू घातलं. आता नवरा-बायको आत झोपलेत आणि मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लिहीत बसलोय. रुसैलला माझ्या खोलीवर हे लिहून झालं नसतं. खोलीला लागूनच कंपनीच्या गेस्ट हाऊसचं स्वयंपाकघर आहे, आणि मी तिथला आचारी असूनही सध्या मला तिथे थांबवत नाही.

तुमच्या सूनबाईने, जोहराने, तुमचा निरोप सांगितला. बंदुकीचा परवाना तुम्हाला माझ्या नावावर करायचाय. बागेत वानरांनी आणि डुकरांनी उच्छाद मांडलाय, आणि निवडणूक आली की बंदूक जमा करायला राजापूरच्या ठाण्यापर्यंत जाणं आता तुमच्याने होत नाही. याचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे तुम्ही वाट बघत राहणार नाही. नको, मामू. दुसरं कुणी बघा.

तुम्हाला राग येईल. इतक्या भाच्यांमध्ये तुम्ही मला निवडलंत आणि मी एका ओळीत नाही म्हणतोय. कारण सांगायलाच हवं, पण त्यासाठी मला थोडं मागून यावं लागेल.

आपला तो ससा आठवतो? मी बारावीला आपटलो होतो ते वर्ष. तीन दिवस डोंगर हाकारला. भेकर नाही, साळिंदर नाही, नुसते पाय तुटले. तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना जाळीतून एक ससा निघाला आणि तुमचा बार लागला. सुरी घेऊन धावायचं काम माझ्याकडे होतं. "धाव रं, जीव हाय तवर धाव!" तुम्ही असे ओरडलात की पलीकडच्या वाडीत ऐकू गेलं असेल. करवंदीतून अंग ओरबाडून घेत मी पोचलो, बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली आणि वर बघितलं, तर एकवीस माणसं भोवती उभी राहून त्या वीतभर सशाकडे बघत होती. मग कुणाला तरी हसू फुटलं आणि सगळेच खाली बसून हसायला लागले.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही सागाची पानं मांडायला सांगितलीत. बावीस माणसांची बावीस आणि खतिजाबीचं एक, कारण तिचा नवरा दरवर्षी हाकाऱ्याला असायचा आणि त्याच पावसाळ्यात तो गेला होता. पहिला वाटा तिचा काढलात. बार तुमचा, तरी तुमच्या पानावर आलं मानेचं एक हाड. एका सशाचे तेवीस वाटे करताना तुमच्या कपाळाला घाम आला होता, मला दिसत होता. माझा वाटा आईने बटाट्याच्या रश्श्यात टाकला आणि आठवडाभर शेजारणींना सांगत राहिली, शिकारीचं कालवण झालं आमच्याकडे. त्या टोपात मटण शोधायला कंदील लागला असता.

पुढे मोठी जनावरंही मिळाली. एकदा भेकर मिळालं होतं तेव्हा माणशी चांगलं शेरभर आलं असेल. पण कुठल्या डोंगरावर, कुठल्या वर्षी, ते आज विचाराल तर मला सांगता येणार नाही. ससा मात्र जसाच्या तसा आठवतो. कायद्याने तेव्हाही बंदीच होती, आपण ती मानत नव्हतो एवढंच. तुम्ही स्वतःच पुढे सगळं बंद केलंत. त्या गोष्टीची बढाई मारावी असं मला वाटत नाही. पण निदान मारलेल्या जनावराचं काय करायचं हे तरी आपल्याला ठाऊक होतं.

आता इथलं.

आमचा अर्बाब, म्हणजे मालक, तसा वाईट माणूस नाही. एकोणीस वर्षांत आवाज चढवून बोलला असेल तो चार-पाच वेळा. या महिन्यात त्याच्याकडे बाहेरदेशचा एक पाहुणा आला होता. कुठल्या देशाचा ते लिहीत नाही. त्याला इथल्या डोंगरातलं हरीण हवं होतं. हे लोक त्याला गझाल म्हणतात. आपल्या भेकराएवढंच, पण पाय काडीसारखे आणि डोळे एवढे मोठे की बघवत नाहीत. खायला नको होतं त्याला. त्याच्या घरी एक भिंत आहे, तिच्यावर जगभरातली मुंडकी लावलीत. फोटो मला दाखवला. मधे एक जागा रिकामी होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, ओमान.

इथे गझाल मारणं हा मोठा गुन्हा आहे, तुरुंगाशिवाय सुटका नाही. अर्बाबला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण पाहुण्यापुढे नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. आम्ही दोन वेळा अल अमेरातच्या पुढच्या डोंगरात जाऊन आलो. मी गाडी चालवायला आणि स्वयंपाकाला. दोन्ही वेळा काही दिसलं नाही. मग कुणीतरी जागा सांगितली आणि तिसऱ्या खेपेला, चौदा तारखेच्या शुक्रवारी पहाटे, फटफटताना नर समोर आला.

पाहुण्याचा नेम मागच्या बाजूला लागला. जनावर पडलं, पुन्हा उठायला लागलं. आणि मामू, मी काहीच विचार केला नाही. हातात कांदे कापायची सुरी होती, ती घेऊन धावलो. चौपन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, तरी दगडांवरून असा धावलो की पाहुणा मागून काय ओरडतोय ते ऐकूही आलं नाही. बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर. जबड्याखाली स्वच्छ वार घातला. जनावर लगेच शांत झालं. वर बघितलं तेव्हा मला, खरं सांगतो, शाबासकीची अपेक्षा होती.

पाहुणा लालबुंद झाला होता. त्याला मुंडकं खांद्यापर्यंतच्या कातडीसकट पेंढा भरून घ्यायचं होतं, आणि मी मानेची कातडी आडवी फाडून ठेवली होती. टाके दिसतील म्हणाला. भिंतीवर लावायच्या लायकीचं राहिलं नाही म्हणाला. अर्बाबने मला बाजूला घेतलं. मी म्हटलं, "अर्बाब, हलाल झालंय, गेस्ट हाऊसवर नेऊ, बिर्याणी करतो, कामगारांनाही वाटू." तो म्हणाला, "मजनून तुम? पागल हो? गाडी में मांस? रस्ते में चेकिंग है." तेव्हा ते आखंच्या आखं जनावर तिथेच दगडांत टाकून आम्ही निघालो. हलाल केलेलं, आणि एकाच्याही तोंडी लागलं नाही.

माझ्या हातून फिरलेली ती सुरी बरोबर होती की नाही, हे मी गेले दोन आठवडे स्वतःला विचारतोय. कारण ती फिरली नसती तर पाहुणा एकावर समाधानी झाला असता. आता तो म्हणाला, दुसरं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी पहाटे पुन्हा तिथेच गेलो. या वेळी अर्बाबने सुरी माझ्या हातून काढून गाडीच्या कप्प्यात ठेवली. मादी आली, एकटी. मादीलाही शिंगं असतात, बारीक. पाहुणा म्हणाला, चालेल. ती पडल्यावर जीव जायला बराच वेळ लागला. जवळ जाऊ नको असं मला सांगितलेलं होतं आणि मी गेलो नाही. हात बांधून उभा राहिलो. तुम्ही शिकवलेलं एकच काम मला येत होतं, तेही मी केलं नाही.

अजून एक गोष्ट राहिलीय. ती टाळत टाळत इथवर आलो. वर मी लिहिलं की कुणीतरी जागा सांगितली. ती मी सांगितली.

डोंगराच्या तोंडाशी शेवटचं घर आहे, हमूद नावाच्या म्हाताऱ्याचं. तुमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल, पण कुरकुर तुमच्याएवढीच. तीन वर्षं मी गेस्ट हाऊससाठी त्याच्याकडून बकरे आणतो. दर वेळी खजूर, कहवा, आणि माझ्या मोडक्या अरबीला हसणं. मी त्याच्यासाठी गुडघ्यांचा बाम नेतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या घरामागे एक निळं पिंप उभं कापून जमिनीत बसवलेलं दिसलं, पाण्याने भरलेलं. भोवती खुरांचे ठसे. मी म्हटलं, हे शेळीचे नव्हेत. म्हातारा एवढा खूश झाला की मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि सांगितलं. पाऊस नाही, झरे आटले, म्हणून तो रोज दोन कॅन पाणी वाहून आणतो. एक नर, एक मादी, फटफटायला येतात. "कुणाला बोलू नकोस," म्हणाला. मी म्हटलं, इन्शाल्ला.

दुसऱ्या खेपेला रिकाम्या हातांनी परतताना पाहुणा गाडीत कंटाळून बसला होता. अर्बाबची मान खाली. मी सहज म्हटलं की आमच्या गावाकडे माग काढून शिकार करतात. अर्बाब चिडून म्हणाला, "तुम खाली खाना पकाओ. शिकार तुमको क्या मालूम?" पाहुणा हसला. एवढंच झालं, मामू. मला ते हसणं झोंबलं, आणि मी म्हटलं, मला ठाऊक आहे कुठे येतात ते. जुम्म्याच्या बकरे बाजाराला म्हातारा गुरुवारी जातो तो शनिवारी दुपारी परततो, हेही सांगून टाकलं. त्यांनी कसली लालूच दाखवली नव्हती की धमकी दिली नव्हती. मी हुसैनमियाँचा भाचा आहे हे त्या दोघांना कळावं, एवढ्यासाठी सांगितलं.

सतरा तारखेला हमूदला धरून नेलं. मादीचं डोकं सापडलं नाही, पण तिचं डोकं नसलेलं धड आणि तो नर त्याच्या पिंपाजवळ सापडले. घरात वाडवडलांची जुनी बंदूक होती, ती जप्त झाली. हे मला अमेरातच्या किराणावाल्या मलबाऱ्याकडून कळलं. चौकीत त्याला विचारलं, तुझ्याकडे कोण येत-जात होतं? तो म्हणाला, माझ्या घरी ज्यांनी कहवा प्यायला त्यांची नावं मी कुणाला देत नाही. त्या नावांत माझंही एक आहे.

आणि मादीचं कापून आणलेलं मुंडकं माझ्या फ्रीजरमध्ये आहे. पाहुणा विमानाने परत गेला, सोबत नेणं त्याला जमेना. अर्बाब भरून देणारा माणूस शोधत होता, तो आता घाबरून शोधत नाही. काळ्या पिशवीत गुंडाळून, मटारच्या पिशव्यांखाली. मला रोज मटार लागतात. परवा अर्बाब स्वयंपाकघरात आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "वो थैली शनिवार को फेंको. खलास." उद्या शनिवार.

जेवताना रॉकला सगळं सांगितलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "इक्बाल, तुझे नोकरीचे चौदा महिने राहिलेत. समरीनचं लग्न मे महिन्यात. तू आत गेलास तर पोरीच्या लग्नाला नसशील. म्हातारा इथला आहे, त्याचे लोक त्याला सोडवतील. फेकून दे आणि गप बस." तो माझ्या भल्याचंच बोलतोय. आणि वाईट हे की त्याचं बोलणं ऐकताना मला बरं वाटत होतं.

मटिल्डावहिनी उठल्या, चहा ठेवतायत. आता थांबतो.

गुरुवार, ४ डिसेंबर

मामू, पत्र रॉककडेच होतं, म्हणून पुढचं यातच लिहितो.

शनिवारी पिशवी काढली. कचऱ्याच्या गाडीपाशी नेली, परत आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. शौर्य वगैरे काही नव्हतं. नुसता कंटाळा आला होता, स्वतःचा. वाटलं, हे फेकलं तर यापुढे चौदा महिने रोज सकाळी हाच फ्रीजर उघडायचा आहे. रविवारी मासळीच्या थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून ती ठेवली आणि रॉकला फोन केला. त्याने शिव्या दिल्या आणि गाडी घेऊन आला. चौकीच्या अलीकडे थांबवली. "मी आत येत नाही रे," म्हणाला, "माझी हेझल बारावीला आहे." मी म्हटलं, येऊ नकोसच. डबा मांडीवर होता, पँट ओली झाली होती.

अधिकारी तरुण होता. त्याने आधी मला बसवलं, मग डबा उघडला. "तू स्वतःहून आलास?" असं दोनदा विचारलं. मी सगळं सांगितलं. जागा मी दाखवली हेही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं तरी. पासपोर्ट ठेवून घेतला. स्वतः आलो म्हणून खटला उभा राहीपर्यंत मला बाहेर सोडलंय. अर्बाबला बोलावणं गेलं. त्याचं तो आणि त्याचे वकील बघतील. माझी नोकरी त्याच दिवशी संपली, सध्या रॉकच्या हॉलमध्ये झोपतो.

शिक्षा होईल. किती ते कोणी सांगत नाही.

मंगळवारी हमूद सुटला. काल मलबाऱ्याच्या पिकअपमधून त्याच्याकडे गेलो. वाटेत पाण्याचे चार कॅन भरून घेतले, कारण पंधरा दिवस त्या पिंपात कुणी थेंब घातला नसणार हे मला कळत होतं. म्हातारा दारात बसला होता. वाळलाय. मी सलाम केला, त्याने उत्तर दिलं, सलामाचं उत्तर द्यावंच लागतं. मी उभ्याउभ्या जेवढी अरबी येते तेवढ्यात सांगितलं, की तुझं गुपित मी फोडलं. तो म्हणाला, ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तुझ्याशिवाय कुणाला ते ठसे वाचता आले नव्हते.

माफी मागितली. तो उठला, गुडघ्याला हात लावून, आणि पिकअपकडे आला. कॅन बघितले. मी एक उतरवायला हात घातला तर माझं मनगट धरून बाजूला केलं. म्हणाला, "तू नको." रागाने नाही, जसं एखाद्या पाहुण्याला सांगावं तसं. मग एकेक कॅन ओढत स्वतः घरामागे नेला. चार खेपा. मलबारी मदतीला धावला, त्याची मदत घेतली. मी पिकअपपाशी उभा राहून बघत होतो. पिंप भरलं, आणि ते कुणासाठी भरलं हे आम्हा तिघांनाही विचारता आलं नाही.

जोहराला यातलं काहीच माहीत नाही. मी रोज फोन करतो, ती मेहंदीवाली कोण, मांडव कुठला ते सांगते, मी हो हो म्हणतो. मला फोनवर जमणार नाही. तुम्ही तिला समोर बसवून हे पत्र वाचून दाखवा. वगळू नका, जागा मी सांगितली ते तर अजिबात वगळू नका. ती मला काय म्हणेल ते म्हणो. समरीनला तिने ठरवावं कसं आणि कधी सांगायचं.

मुलाकडच्यांना मात्र आधी कळलं पाहिजे. बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. ते मोडायचं म्हणाले तर त्यांना दोष देऊ नका. मोडलं नाही, तर तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका. मौलवी विचारतील तेव्हा हे खालचं दाखवा. रॉक आणि मटिल्डावहिनींनी साक्षीला सह्या केल्यात, साक्षीदार आपल्यातलेच लागत असतील तर तसं कळवा, मी दुसरं लिहून पाठवीन.

मी इक्बाल, समरीनचा बाप, तिच्या निकाहाच्या दिवशी हजर राहू शकणार नाही. त्याचं कारण माझी स्वतःची करणी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. माझ्या जागी बसून माझी मुलगी देण्याचा इख्तियार मी माझे मामू हुसैनमियाँ यांना देतो. तिने माझ्याविषयी विचारलं तर खरं सांगावं.

इक्बाल